फरकाचे पैसे

राजेंद्र नगरात आता शेत कुठे उरलेलं नाही, पण शेतकरी बरेच आहेत. कागदावरचे शेतकरी. इंदूरहून राऊकडे जाताना ए. बी. रोडला लागून असलेल्या आमच्या या वस्तीत निवृत्त प्राध्यापक, बँकवाले, विम्यातले, वीज मंडळातले अशी मराठी घरं पुष्कळ. त्यांतल्या कितीतरी जणांची देपालपूर, सांवेर, महू, नाहीतर घाट उतरून खरगोनकडे वडिलोपार्जित जमीन आहे. कुणाची पाच बिघे, कुणाची चाळीस. कसतं दुसरंच कुणीतरी. सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत नातवाच्या नोकरीचा विषय संपला की पुढचा प्रश्न ठरलेला, "तुमचे आले का?" काय आले, ते विचारावं लागत नाही. सरकारचे पैसे.

माझी सगळी नोकरी बँकेच्या ग्रामीण शाखांत, पीककर्जाच्या टेबलावर गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही शेजारपाजारचे लोक मोबाइल पुढे करतात, "वहिनी, हे दोन हजार कशाचे? आणि हे वेगळे कशाचे?" पैसे आल्याचा आनंद असतो. ते कशाचे, कसे मोजले आणि मुळात कुणाचे, हे मात्र सहसा कुणालाच ठाऊक नसतं. शेवटचा प्रश्न तर कुणी विचारतही नाही, कारण उत्तर गैरसोयीचं आहे.

या योजनांची नावं लांबलचक असतात, पण आत डोकावलं तर पैसे मोजायच्या तऱ्हा मोजक्याच. खातेदारामागे ठरावीक रक्कम, विकलेल्या क्विंटलमागे रक्कम किंवा बुडालेल्या पिकामागे रक्कम. क्विंटलमागची तऱ्हा सगळ्यांत गुंतागुंतीची. ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आमच्याच राज्यात राबवली गेली. तिचं नाव भावांतर.

भावांतर समजायचं तर आधी सोयाबीनकडे बघावं लागतं. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात बरीचशी पडीक ठेवत. ओल धरून ठेवायची आणि हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा, ही जुनी रीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्या रिकाम्या पावसाळ्यात सोयाबीन शिरलं आणि बघता बघता सगळा माळवा त्याने व्यापला. तेल गाळणाऱ्यांची संघटना ‘सोपा’ इंदूरची, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इथल्या खंडवा रोडवर, आणि वायदे बाजारात सोयाबीनचे सौदे चालत तेव्हा भावाचं मूळ केंद्रही इंदूरच. डिसेंबर २०२१मध्ये सेबीने ते सौदे थांबवले. ज्या गावात देशाचा भाव ठरतो, त्याच गावाच्या मंडीत शेतकरी हमीभावाच्या खाली माल विकून परत जातो. यात आश्चर्य वाटावं असं काही राहिलेलं नाही, इतकं ते नित्याचं झालं आहे.

केंद्र सरकार बावीस पिकांचे हमीभाव जाहीर करतं. गहू आणि तांदूळ सरकार खरंच विकत घेतं, कारण रेशनवर द्यायला ते लागतात. सोयाबीन घेऊन सरकार करणार काय? त्याचं तेल गाळावं लागतं, पेंड विकावी लागते, आणि हे काम कारखानदारांचं. म्हणून सोयाबीनचा हमीभाव वर्षानुवर्षं बराचसा कागदावरच राहिला. त्या भावाला घेणारा समोर नसला की शेतकऱ्याने तो नुसता वाचायचा.

२०१७ साली हे फार अंगाशी आलं. आदल्या वर्षी राज्य सरकारने कांदा किलोला सहा रुपयांनी घेतला होता. त्या वर्षी आठ रुपयांनी घेतला. आमच्या घरापासून चोइथराम मंडी हाकेच्या अंतरावर. कांदा, बटाटा, लसूण सगळा तिथे येतो. त्या जूनमध्ये कांद्याच्या ट्रॉल्यांच्या रांगा रस्त्यावर आल्या होत्या आणि पहिला पाऊस पडल्यावर तो वास घरात यायचा. राज्यभर सरकारने घेतलेला कांदा असाच सडला. त्याच महिन्यात, ६ जूनला, मंदसौर जिल्ह्यात पिपलिया मंडीच्या परिसरात आंदोलन करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच शेतकरी ठार झाले. मागण्यांत कर्जमाफी होती, पण खालचा राग भावाचा होता.

त्यानंतर मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भावांतर भुगतान योजना आणली. १६ ऑक्टोबर २०१७पासून आठ खरीप पिकांसाठी ती सुरू झाली. कल्पना ऐकायला सुटसुटीत होती. माल सरकारने घ्यायचाच नाही. शेतकऱ्याने नोंदणी करून तो मंडीत व्यापाऱ्याला विकायचा. भाव हमीभावाहून कमी मिळाला तर मधला फरक सरकार खात्यात टाकेल. ना गोदाम, ना बारदान, ना सडलेला कांदा.

पण फरक कशातून कशाचा काढायचा? इथे बहुतेक लोक अडकतात. वाटतं असं, की माझ्या पर्चीवर जो भाव लिहिला आहे तो हमीभावातून वजा करायचा आणि उरलेलं मला मिळणार. तसं नाही. मध्ये ‘मॉडेल भाव’ नावाची आणखी एक रेघ असते. तेव्हा ती मध्य प्रदेशातल्या आणि आणखी दोन राज्यांतल्या मंड्यांच्या भावांची सरासरी काढून ओढलेली होती. ऑक्टोबर २०१७च्या दुसऱ्या पंधरवड्यातलं सोयाबीन घ्या. हमीभाव बोनस धरून ३०५० रुपये, मॉडेल भाव २५८०. ज्याचा माल २७०० रुपयांनी गेला त्याला ३५० मिळाले आणि ३०५०चा हिशेब पूर्ण झाला. ज्याचा माल २२०० रुपयांनी गेला त्याला मात्र ८५० नाही, ४७०च मिळाले, कारण मॉडेल भावाच्या खाली विकलंत तर फरक हमीभाव आणि मॉडेल भाव यांच्यातला. त्याच्या पदरात एकूण २६७० रुपये, म्हणजे हमीभावाहून ३८० कमी.

हे दुष्टपणाने केलेलं नाही, हे आधी सांगते. ज्याच्या-त्याच्या पर्चीवरचा फरक द्यायचा ठरवला असता तर काय झालं असतं, ते बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पर्चीवर दोन हजार लिहा, वरचे हातात द्या, सरकारकडून येतील ते अर्धे-अर्धे. ही चोरवाट बुजवायला सरासरी आणली. पण सरासरी नेहमी मधल्या माणसाला मानवते. ज्याचं धान्य पावसात भिजलं, ज्याला मुलीच्या लग्नासाठी त्याच दिवशी विकणं भाग होतं, ज्याची ट्रॉली भाड्याची म्हणून परत नेता येत नव्हती, तो रेघेच्या खाली राहतो. लबाडांना रोखण्यासाठी बांधलेल्या बांधाचा खर्च असा सगळ्यांत गरजू विक्रेत्याकडून वसूल होतो.

दुसरीही एक गोष्ट झाली आणि ती मंडीत उभं राहिलेल्या कुणालाही दिसत होती. योजनेची मुदत ठरलेली, म्हणून सगळे एकाच वेळी माल घेऊन आले. आवक वाढली, भाव खाली आला. लिलावात घासाघीस करायचा शेतकऱ्याचा जोरही ओसरला, कारण व्यापारी म्हणू लागला की घे ना, वरचे सरकार देतंयच. उडदाचं तर विचारूच नका. हमीभाव ५४००, मॉडेल भाव ३०००. क्विंटलमागे २४०० रुपये सरकारने मोजले. कागदावर ते शेतकऱ्याच्या नावाने गेले, पण स्वस्तात मिळालेला उडीद कुणाच्या गोदामात होता, तेही बघायला हवं. सरकारी मदत ज्याच्या खात्यात पडते तोच तिचा पूर्ण धनी असतो असं नाही. तिच्यातला काही भाग भावातून दुसरीकडे झिरपतो, आणि झिरपलेल्या पैशाची नोंद कुठल्याच पासबुकात होत नाही.

पुढच्या वर्षी लसणाला क्विंटलमागे सरसकट ८०० रुपये दिले, सोयाबीन आणि मक्याला ५००. म्हणजे फरक मोजायची कटकटच सोडून दिली. मग २०१८ची निवडणूक झाली, सरकार बदललं आणि त्या पाचशे रुपयांची वाट बघणं लांबत गेलं. त्याच वर्षी केंद्राने पीएम-आशा योजनेत फरक देण्याच्या पद्धतीला जागा दिली होती, पण राज्यांनी तिच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. मध्ये २०२१चा ऑगस्ट असा आला की काही मंड्यांत सोयाबीन दहा हजारांना टेकलं. त्या दिवसांत कुणाला भावांतराची आठवणसुद्धा नव्हती. तीन वर्षांत भाव पुन्हा चार हजारांच्या आसपास आणि त्याखाली आला. २०२४मध्ये हमीभाव ४८९२ असताना मध्य प्रदेशाने सोयाबीन थेट विकत घेऊन पाहिलं. महाराष्ट्रातही खरेदी झाली, आणि तिथल्या बारदानाच्या टंचाईच्या व केंद्रांपुढच्या रांगांच्या बातम्या वाचकांना आठवत असतील. माल उचलायचा, वाळवायचा, ठेवायचा ही सरकारची जुनी डोकेदुखी परत आली.

म्हणून २०२५मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी भावांतर पुन्हा बाहेर काढलं, आता फक्त सोयाबीनसाठी. गंमत अशी की ज्यांनी पहिल्यांदा ते आणलं होतं ते चौहान आता दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री. हमीभाव ५३२८ रुपये. नऊ लाखांहून जास्त शेतकऱ्यांनी नोंदणी केली. विक्रीची मुदत २४ ऑक्टोबर २०२५ ते १५ जानेवारी २०२६. या वेळी मॉडेल भाव राज्यातल्याच मंड्यांच्या मागच्या चौदा दिवसांच्या भावांवरून रोज काढायचा ठरला. पहिला आकडा ७ नोव्हेंबरला आला, ४०२० रुपये. म्हणजे फरक १३०८. पहिली रक्कम १३ नोव्हेंबरला देवासच्या कार्यक्रमातून सुटली, सुमारे एक लाख तेहतीस हजार शेतकऱ्यांना २३३ कोटी. २०१७पेक्षा पैसे लवकर आले, हे मान्य करायलाच हवं.

आमच्या सासरची जमीन देपालपूर तहसिलीत. निम्मी धाकटे दीर स्वतः करतात, निम्मी बटाईने दिली आहे. भाऊजींचं सोयाबीन लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत ३८५० रुपयांनी गेलं, कारण शेवटच्या पावसाने दाण्याला डाग धरला होता. १३०८ धरून झाले ५१५८. हमीभावाला १७० कमी. फोनवर म्हणाले, "वहिनी, यंदा एकशेसत्तर म्हणजे काहीच नाही हो." ते खरंच होतं. त्या हंगामाचं खरं नुकसान भावात नव्हतं, उताऱ्यात होतं. माळव्यात तेव्हा पिवळा मोझॅक हा रोग पडला. पानं पिवळी, शेंगा पोचट.

आणि इथे क्विंटलमागच्या पैशाचा मूळ स्वभाव कळतो. माळव्यात ढोबळमानाने चार बिघ्यांचं एक हेक्टर. ज्याला बिघ्याला पाच क्विंटल झाले त्याला १३०८च्या दराने बिघ्यामागे ६५४० रुपये आले. ज्याला तीन झाले त्याला ३९२४. ज्याने उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला त्याला शून्य. पीक जितकं चांगलं, तितकी मदत जास्त. भावाचा फरक भरून काढणाऱ्या योजनेकडून पिकाच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही हे बरोबर, पण टीव्हीवर ‘किसानों को राहत’ म्हणून एकच आकडा झळकतो तेव्हा त्या शून्यवाल्याने काय समजायचं? त्याच्यासाठी दुसरा दरवाजा आहे. महसूल खात्याचं परिपत्रक ६-४, ज्याला गावात नुसतं ‘आरबीसी’ म्हणतात, आणि पीकविमा. विम्यात खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्के, पण नुकसान मोजायचं ते पटवारी हलक्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीच्या, सरासरीवर. तुमचं शेत गेलं आणि हलक्यातली बाकीची तगली तर हात रिकामे. तिथेही पुन्हा सरासरीच.

महाराष्ट्राने २०२३च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीनवाल्यांना क्विंटलऐवजी हेक्टरमागे ५००० रुपये दिले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ज्याचं पीक कमी आलं त्यालाही तेवढेच. माझ्या मते ही तऱ्हा कमी चलाख, पण जास्त न्यायाची. तिथे अडचण वेगळी निघाली. पैसे ई-पीक पाहणीच्या नोंदीवर होते, आणि सामायिक सातबारा असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागत होती. मुंबईतला चुलतभाऊ फोन उचलेना म्हणून गावातल्या भावाचे पैसे अडले, असे किस्से माझ्या माहेरी, जळगावकडे, घरोघरी ऐकले.

हे सगळं वाचून कुणी विचारेल, की हमीभाव आणि बाजारभाव यांच्यात इतकी दरी पडतेच का? आपण खातो त्या तेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने आयात शुल्क वाढवलं तेव्हा सोयाबीनला आधार मिळेल असं वाटलं. मे २०२५च्या अखेरीस कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं. ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी आपल्या तिपटीने सोयाबीन काढतो. त्यात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा कोंबड्यांच्या खाद्यात शिरला आणि सोयापेंडीची मागणी दाबली गेली. शुल्क कमी करायचं ते माझ्यासारख्यांच्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा महागू नये म्हणून. मग त्यामुळे पडलेल्या भावाचा फरक शेतकऱ्याला करातून द्यायचा, आणि वर त्याला अनुदान म्हणायचं. शेतकरी संघटना ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत होती, तेव्हा शहरात आम्हाला ती घोषणा कडवट वाटायची. आता वाटत नाही. भावांतराच्या १३०८ रुपयांत थोडी माझ्या फोडणीची उधारी आहे.

आता शेजाऱ्यांच्या मोबाइलवरचे ते दोन हजार. ते साधे आहेत. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी, २४ फेब्रुवारी २०१९ला गोरखपूरहून सुरू झाला. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. आधी दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होता, त्याच वर्षी सगळ्या जमीनधारकांना केला. मध्य प्रदेश स्वतःचे आणखी सहा हजार घालतो, महाराष्ट्र नमो शेतकरी योजनेतून तेवढेच. पीक कोणतं, किती, विकलं की नाही, काही विचारत नाहीत. मात्र आयकर भरणारे, डॉक्टर-वकील-इंजिनिअर म्हणून व्यवसाय करणारे, बहुतेक सरकारी नोकर आणि महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे यातून बाद. राजेंद्र नगरातल्या कागदी शेतकऱ्यांपैकी निम्मे इथेच गळतात, आणि त्यांतले काही जण ‘चुकून’ आलेले हप्ते परत करायची पद्धत विचारायला येतात. ती आहे. नोटीस येण्याआधी भरलेलं बरं, एवढंच मी सांगते.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यापायी लोक उगाच तहसिलीचे खेटे घालतात. आधारवर येणारा पैसा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. ज्या खात्याला आधार सगळ्यांत शेवटी जोडलं त्यात तो जातो. कुणी गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी दुसरं खातं उघडलेलं असतं, कुणी मोबाइलवर पेमेंट बँकेचं. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांचे पैसे बऱ्याचदा त्यांच्याच विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

पण खात्यात कुणाचं नाव, हा खरा मुद्दा आहे, आणि तो आधारने सुटत नाही. आमची निम्मी जमीन जे कसतात ते बटाईदार काका गेली कित्येक वर्षं तीच जमीन करताहेत. बियाणं-खत निम्मं-निम्मं, मेहनत त्यांची, माल निम्मा-निम्मा. सन्मान निधी त्यांना नाही, कारण त्यांच्या नावावर जमीन नाही. भावांतराची नोंदणी खसऱ्यावरून, म्हणजे जमिनीच्या क्रमांकावरून, होते, म्हणजे पैसे आमच्या खात्यात. त्यांच्या वाट्याचं सोयाबीन आमच्या नोंदणीवर विकलं गेलं तर फरक आमचा, आणि गावातल्या व्यापाऱ्याला विकलं तर कुणालाच नाही. गावात दुसरा प्रकार होतो. छोटा शेतकरी आपला माल दारातच स्वस्तात विकून मोकळा होतो, आणि तो माल दुसऱ्या कुणाच्या तरी नोंदणीवर मंडीत चढतो.

कायद्यात वाट आहे. मध्य प्रदेशाने २०१६मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा केला. साध्या कागदावर करार, तीन प्रती, एक तहसीलदाराकडे. करार असेल तर बटाईदाराला नुकसानभरपाई आणि विम्यावर हक्क सांगता येतो, आणि पिकाच्या नोंदणीतही सिकमींना (भाड्याने जमीन करणाऱ्यांना) व बटाईदारांना करार दाखवून सोसायटीच्या केंद्रावर नाव घालता येतं. मालकाचा हक्क त्याने जात नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. तरी करार करायला मालक तयार होत नाहीत. त्यातून मराठी मालक तर नाहीतच. कुळकायद्यात देशावरची, कोकणातली जमीन गेलेल्यांच्या घरची ही मुलं-नातवंडं. १९५७चा कृषिदिन, म्हणजे कसणारी कुळं मालक झाली तो दिवस, आजोबांनी कसा सांगितला होता, ते त्यांना तोंडपाठ असतं. कागदावर दुसऱ्याचं नाव आलं की जमीन गेली, ही भीती दोन पिढ्या आणि एक राज्य ओलांडून इंदूरला आली आहे. कायद्याने ती काढता येत नाही. पण ती भीती जपताना आपण दुसऱ्याच्या घामावर आयते बसतो आहोत, हेही कुणी मनात आणत नाही.

हा आमच्याच गावाचा रोग आहे असं नाही. तेलंगणाने २०१८पासून रयतु बंधूत एकरामागे पैसे दिले, तेही जमीनमालकालाच. कुळं बाहेर राहिली आणि मोठ्या जमीनदाराला जास्त मिळालं. आंध्रने २०१९मध्ये कसणाऱ्यांसाठी वेगळी कार्डं काढली, तरी त्यावर मालकाची सही लागायचीच. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने असाच ठरलेल्या भावाचा फरक देणं सुरू केलं आणि आजही तिथे आधारभाव आणि देशभरचा सरासरी भाव यांच्यातला फरक देतात. तोही प्रत्यक्ष पेरणीवर नाही, त्या जमिनीच्या जुन्या नोंदलेल्या एकरांवर. दुसरी एक योजना तर संपूर्ण काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, सरासरी उत्पन्नावर चालते. त्यांचा एक गुण मात्र घेण्यासारखा. कुठल्या काउंटीत कुणाला किती डॉलर मिळाले, याची यादी तिथल्या एका संस्थेने सरकारकडून मिळवून वर्षानुवर्षं लोकांपुढे ठेवली आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा आकडा वाचावा आणि गावात वाद व्हावेत. आपल्याकडे सन्मान निधीची गावनिहाय यादी संकेतस्थळावर दिसते. भावांतराचीही तशीच लागली, तर किती शहरी पत्ते आणि किती कसणारे हात, ते आपोआप कळेल.

२०२५च्या नोव्हेंबरात पैसे आले तेव्हा भाऊजींनी आपण होऊन बटाईच्या शेताच्या फरकाचा निम्मा वाटा काकांना दिला. माल निम्मा तर फरकही निम्मा, त्यांचा हिशेब सरळ. आमच्या घरात त्यावर थोडी कुरबूर झाली. हे म्हणाले, "खतात आपणही निम्मे घातले होते ना?" मी म्हटलं, घातले होते, म्हणूनच निम्मे मिळाले. पण हे असं दरवर्षी कुणाच्या तरी भलेपणावर चालणं मला पटत नाही. भाऊजी चांगले म्हणून काकांना मिळाले. उद्या भाऊजींचा मुलगा पुण्याहून कारभार बघेल तेव्हा काय?

म्हणून येत्या खरिपाआधी २०१६च्या कायद्याप्रमाणे करार करायचा, असं मी सुचवलं आहे. मुदत एकाच वर्षाची ठेवू, म्हणजे कुणाला धास्ती नको. अडचण सह्यांची. सासऱ्यांच्या पश्चात फौती नामांतरण होऊन खातं तिघा भावांच्या नावावर आलं, आणि थोरले दीर गेल्यावर त्यांच्या जागी जाऊबाई आल्या. भाऊजींनी हो म्हटलं आहे. ह्यांनी "बघू" म्हटलं आहे, म्हणजे करतील. जाऊबाईंना कराराचा मसुदा पाठवला, तर त्यांनी तो त्यांच्या भाच्याला दाखवला, भाचा वकील. त्याने फक्त एवढंच विचारलं, की यात ‘कूळ’ हा शब्द कुठे आहे का. नाही, असं कळवलं आहे. गिरदावरीच्या, म्हणजे पीकपाहणीच्या, आत सही आली तर त्या हंगामात सोसायटीच्या केंद्रावर काकांचं नाव काकांच्या हिश्श्यापुढे लागेल.